स्मार्टफोनची ‘गरज’ मोजायची कशी? पीकपेरा, ओटीपी आणि दुसरं दार

‘स्मार्टफोनचा वाढता वापर व त्याचे सामाजिक परिणाम : कोल्हापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’. या नावाचा, नाहीतर याचा चुलतभाऊ शोभेल असा सिनॉप्सिस तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. कदाचित तुमच्या लॅपटॉपमध्येही पडलेला असेल. नेट-सेट झालं, आता आरआरसीसमोर काहीतरी ठेवायचंय, आणि विषय तर डोळ्यांसमोर आहे: सगळ्यांच्या हातात फोन आहे. मग दोनशे जणांची प्रश्नावली, टक्केवारीची कोष्टकं, दोन पाय चार्ट आणि शेवटी ‘स्मार्टफोन ही आज काळाची गरज बनली आहे’ हा निष्कर्ष.

हा विषय वाईट नाही. उलट खूप चांगला आहे, आणि म्हणूनच तो असा वाया गेलेला बघवत नाही. अडचण एका शब्दात आहे. आपण मोजतो ‘वापर’ आणि निष्कर्ष काढतो ‘गरजे’चा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी दिवसातून चार वेळा चहा पितो. चहा बंद केला तर डोकं दुखेल, चिडचिड होईल. पण चहा पीत नाही म्हणून माझं नाव कुठल्या यादीतून कटत नाही, माझ्या शेतात उभं असलेलं पीक कागदावरून गायब होत नाही. फोनच्या बाबतीत तसं होऊ शकतं. ते कधी, कुणाच्या बाबतीत आणि कसं होतं, हा संशोधनाचा प्रश्न आहे. एखादी वस्तू गरजेची झाली का, हे तपासायचं तर ती ज्याच्याकडे आहे त्याला विचारून फारसं काही कळत नाही. ज्याच्याकडे नाही त्याचं काय होतं, ते बघावं लागतं.

आधी आकड्यांचा सापळा बघू, कारण बहुतेक सिनॉप्सिस तिथंच अडकतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने जानेवारी ते मार्च २०२५ या काळात दूरसंचारावर एक खास पाहणी केली. तिच्यानुसार देशातल्या ८५.५ टक्के कुटुंबांत किमान एक स्मार्टफोन आहे. हा आकडा वाचला की प्रश्न संपल्यासारखा वाटतो. आता दुसरा आकडा घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का? देशभरात ५३.९ टक्के जणींनी हो म्हटलं. आणि इथं ‘मोबाईल’ म्हणजे कुठलाही मोबाईल, बटणांचाही.

हे दोन आकडे शेजारी ठेवून लगेच वजाबाकी करू नका. वर्षं वेगळी आहेत, प्रश्न वेगळे आहेत, विचारलेली माणसंही वेगळी आहेत. मला दाखवायचंय ते एवढंच, की पहिल्या पाहणीत मोजमापाचं एकक ‘कुटुंब’ आहे आणि दुसरीत ‘व्यक्ती’. घरात पाच माणसं आणि एक स्मार्टफोन, तो कॉलेजला जाणाऱ्या पोराच्या खिशात. पहिल्या पाहणीत हे घर ‘स्मार्टफोन असलेलं’ म्हणून नोंदलं जाईल. सकाळी नऊला पोरगा एसटीने गेला, की संध्याकाळपर्यंत त्या घरात स्मार्टफोन नाही. ट्रायची आकडेवारी घेतली तर आणखी वेगळी गंमत: तिथं माणसं मोजलेलीच नसतात, जोडण्या मोजलेल्या असतात. म्हणून शहरी भागात शंभर माणसांमागे शंभराहून जास्त जोडण्या दिसतात, आणि तरीही बिनफोनचा माणूस त्याच शहरात असतो. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये ‘स्मार्टफोनधारक’ असा शब्द लिहिण्याआधी ठरवा: फोन कुणाच्या नावावर, कुणाच्या हातात, दिवसातल्या कुठल्या वेळी?

आता ‘गरज’ या शब्दाकडे. यावर विचार करणारे पहिले आपण नाही. ॲडम स्मिथने १७७६ साली ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये तागाच्या सदऱ्याचं उदाहरण दिलंय. प्राचीन ग्रीक-रोमन लोक तागाचा सदरा न घालता मजेत जगले, पण स्मिथच्या काळात साध्या मजुरालाही तो घातल्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटायची. म्हणून सदरा गरजेचा. गरज शरीर ठरवत नाही, आजूबाजूचे लोक ठरवतात, असा त्याचा मुद्दा. पुढे १९८०च्या दशकात जोआना मॅक आणि स्टुअर्ट लॅन्सली यांनी ब्रिटनमध्ये हा विचार थेट पाहणीत उतरवला. लोकांनाच वस्तूंची यादी दाखवून विचारायचं, यातलं काय प्रत्येकाला मिळालंच पाहिजे? निम्म्याहून जास्त लोकांनी हो म्हटलं, की ती वस्तू गरजेची धरायची. घरातला टेलिफोन १९८३च्या पाहणीत या रेषेखाली राहिला आणि १९९०च्या पाहणीत रेषेवर गेला. सात वर्षांत तोच टेलिफोन चैनीतून गरजेत आला.

ही पद्धत तुम्ही कोल्हापुरात वापरू शकता, आणि अजून कुणी मनावर घेतलं तर चांगला लेख होईल. पण स्मार्टफोनच्या बाबतीत ती पुरत नाही असं माझं मत आहे. स्मिथचा सदरा नसलेल्या माणसाला लाज वाटायची, पण कुणी त्याला दारातून परत पाठवत नव्हतं. स्मार्टफोनची गरज काही ठिकाणी लोकांच्या नजरेतून येते (वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नसलेला विद्यार्थी आठवा), पण काही ठिकाणी ती नियमातून येते. दुसऱ्या प्रकारासाठी इव्हान इलिच जास्त उपयोगी पडतो. १९७३च्या ‘टूल्स फॉर कन्व्हिव्हिॲलिटी’ या पुस्तकात त्याने एका वेगळ्या मक्तेदारीबद्दल लिहिलंय. आपल्याला माहीत असलेली मक्तेदारी म्हणजे बाजारात एकाच कंपनीची गाडी मिळणं. इलिच म्हणतो, खरी मूलगामी मक्तेदारी तेव्हा येते जेव्हा शहराची रचनाच गाडीसाठी होते आणि पायी चालणाऱ्याला रस्ता उरत नाही. मग गाडी कुठल्या कंपनीची घ्यायची एवढंच तुमच्या हातात राहतं. गाडी नको म्हणायची सोय जाते.

माझा सगळा भर या पायी चालणाऱ्यावर आहे. फोनवाल्यासाठी एक दार उघडलं, हे चांगलंच. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठी दुसरं दार उघडं आहे का? असेल तर ते किती लांब आहे, आत जायला काय मोजावं लागतं, आणि तिथं कुणापुढे उभं राहावं लागतं?

हे सगळं हवेत राहू नये म्हणून आपल्या जिल्ह्यात जाता-येता दिसणारं उदाहरण घेऊ: ई-पीक पाहणी.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र. सातमध्ये जमीन कुणाची ते, आणि बारामध्ये त्या जमिनीत कुठल्या हंगामात काय पेरलंय ते. हा पीकपेरा पूर्वापार तलाठी लिहायचा. एका तलाठ्याकडे सज्जातली अनेक गावं, त्यामुळे तो प्रत्येक बांधावर पोचणं कठीणच. चावडीत बसून मागच्या वर्षीचंच पीक पुढं ओढतात ही तक्रार फार जुनी. १५ ऑगस्ट २०२१ पासून महसूल विभागाने राज्यभर ई-पीक पाहणी ॲप आणलं. घोषवाक्यच होतं, की माझा पीकपेरा मीच नोंदवणार. शेतकऱ्याने आपल्या फोनवर ॲप घ्यायचं, खाते क्रमांक किंवा गट क्रमांक शोधायचा, मोबाईलवर आलेला संकेतांक टाकायचा, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख भरायची, आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात. २०२२च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याचीच नोंद प्रमाण मानायची, ४८ तासांत त्याला ती दुरुस्त करता येईल, आणि तलाठ्याने साधारण दहा टक्के नोंदी तपासायच्या अशी रचना आली.

कल्पना म्हणून मला ही आवडते, हे आधी सांगतो. आपल्या शेतात काय उभं आहे हे सांगायला सरकारी माणसाची वाट बघावी लागत नाही. चुकीचा पीकपेरा लागला म्हणून वर्षभर तहसीलला चकरा मारणारा शेतकरी ज्याने बघितलाय, त्याला हे पटकन कळेल. तेव्हा ‘ॲप म्हणजे वाईट’ असं गृहीत धरून फिल्डवर जाऊ नका. तुमचा निष्कर्ष आधीच ठरलेला असेल तर गाडीभाडं कशाला घालवायचं?

आता दुसऱ्या दाराकडे बघा. आपल्या जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगलेची सपाट, उसाची पट्टी आहे, आणि पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड हे डोंगरी तालुके आहेत. नियम एकच, ॲप एकच. पण समजा आजऱ्याच्या एका वाडीत एक म्हातारं जोडपं आहे. (हे उदाहरण मी रचलंय, पण त्यातली एकेक अट तुम्हाला खऱ्या घरांत सापडेल.) पोरगा मुंबईला कामाला. घरातला स्मार्टफोन त्याच्याकडे. सातबारा वडिलांच्या नावावर, भात आईने लावलेला, ओटीपी जातो तो नंबर मुंबईत. ॲपला फोटो हवा तो शेतात उभं राहून काढलेला. म्हणजे जमीन आजऱ्यात, फोन मुंबईत आणि नियमाला दोन्ही एकाच ठिकाणी हवेत. कुटुंबात स्मार्टफोन आहे. वापरही रोज आहे. पीकपेरा मात्र कोरा राहू शकतो. तुमच्या प्रश्नावलीत ‘आपल्याकडे स्मार्टफोन आहे का?’ एवढंच असेल तर हे घर तुमच्या कोष्टकात ‘हो’च्या रकान्यात जाईल, आणि त्या घराची खरी गोष्ट तुमच्या हातून निसटेल.

यावर सरकारकडे उत्तर नव्हतं असं नाही. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करायची सोय ॲपमध्ये ठेवली. पुढं गावोगाव सहायक नेमले गेले. शेतकऱ्यांच्या पातळीवरची मुदत संपली की राहिलेल्या नोंदी त्यांनी करायच्या. या दोन सोयींकडे संशोधक म्हणून नीट बघा. प्रत्येकाकडे फोन नाही, हे व्यवस्थेला माहीत आहे याचा त्या पुरावा आहेत. आणि दोन्हींचं उत्तर एकच आहे: दुसऱ्याचा फोन. म्हणजे दुसरं दार आहे, पण ते एक माणूस आहे. शेजाऱ्याचा पोरगा, पुतण्या, सोसायटीचा माणूस, सहायक. मग प्रश्न बदलतो. तो माणूस कधी येतो? त्याला काय द्यावं लागतं, चहा, पैसे, की पुढच्या निवडणुकीत मत? भावकीत वाद असेल तर तो बांधावर येतो का? ‘डिजिटल’ म्हणून आपण ज्याचा अभ्यास करायला निघालो होतो, ते शेवटी गावातल्या नात्यांवर येऊन थांबलं. मला हा विषयाचा सगळ्यात श्रीमंत भाग वाटतो.

या नोंदीवर काय अवलंबून आहे? नुकसानभरपाई, पीक विमा, हमीभावाची खरेदी या सगळ्यात सातबाऱ्यावरचा पीकपेरा बघितला जातो. २०२३च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, द्यायचं राज्य सरकारने ठरवलं, तेव्हा आधी ई-पीक पाहणीत नोंद असण्याची अट होती. सोयाबीन आपल्याकडेही होतं. ज्यांनी पेरलं पण ॲपवर नोंदवलं नाही, ते बाहेर. राज्यभर ओरड झाल्यावर २०२४मध्ये ती अट सैल केली गेली आणि सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही घेतलं गेलं. संशोधनाच्या दृष्टीने हा प्रसंग सोन्यासारखा आहे. आधी एकच दार, मग तक्रार, मग दुसरं दार. ‘गरज’ ही तंत्रज्ञानातून आपोआप येत नाही; कुणीतरी अट लिहितं आणि कुणीतरी ती बदलू शकतं, हे यात स्वच्छ दिसतं. तुम्ही त्या काळातले शासन निर्णय तारखेप्रमाणे लावले, तरी एक प्रकरण उभं राहील.

आता दुसरा एक धागा, जो फारसा कुणी धरत नाही: यंत्र कुणाच्या हातात आहे?

रेशन दुकानात जा. तिथंही आधार आहे, अंगठा आहे, सर्व्हर डाऊन होणं आहे. पण ई-पॉस मशीन दुकानात असतं. धान्य न्यायला तुमच्या खिशात फोन लागत नाही. डिजिटल व्यवस्था आहे, पण यंत्राचा भार ग्राहकावर टाकलेला नाही. ई-पीक पाहणीत यंत्र शेतकऱ्याचं, रिचार्ज शेतकऱ्याचा. आणि तिसरा प्रकार अंगणवाडीत. सेविकांना राज्याने फोन दिले होते. २०२१मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं आणि त्या कमी क्षमतेच्या, जुन्या झालेल्या फोनवर ते नीट चालेना, शिवाय इंग्रजीचीही अडचण. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरातल्या सेविकांनी फोन सरकारला परत करण्याचं आंदोलन केलं. फोन नको म्हणून नव्हे. चांगला फोन आणि मराठी ॲप द्या म्हणून. फोन परत केला तरी कामाची माहिती भरायची अपेक्षा संपत नाही, मग ती स्वतःच्या फोनवरून भरायची का, हा त्यातला कळीचा मुद्दा. म्हणजे तीन व्यवस्था, तिन्ही ‘डिजिटल’, पण यंत्राचा खर्च तीन वेगवेगळ्या खिशांवर. तुलनात्मक अभ्यास करायचाय म्हणता ना, हा घ्या.

कोल्हापूरकर म्हणून इथं मला राजर्षी शाहूंचा १९१७चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आठवतो. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे सक्ती खरीखुरी होती. पण त्याच कायद्यात शिक्षण मोफत होतं, आणि शाळा उघडणं हे दरबाराचं काम होतं. सक्ती आणि साधन एकाच हाताने दिलं गेलं. शंभर वर्षांच्या अंतराची तुलना जपून करावी लागते हे मान्य. शाळा आणि फोन एक नव्हेत. तरी एक चौकट म्हणून ती वापरता येते: एखादी गोष्ट आवश्यक केली गेली, तेव्हा ती पुरवायची जबाबदारी कुणी घेतली?

ओटीपीबद्दल थोडं. इथं विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. ओटीपी साध्या बटणाच्या फोनवरही येतो. म्हणजे ओटीपीला लागतं ते चालू सिम, स्मार्टफोन नव्हे. पण ज्या फॉर्मसाठी तो ओटीपी असतो, तो भरायला इंटरनेट लागतं. सप्टेंबर २०२५पासून लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सुरू झालं, तेव्हा बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. फोन स्वतःचा असून भागेना, दुसऱ्याचा नंबरही चालू हवा आणि तो माणूस ओटीपी सांगायला तयार हवा. विधवा, परित्यक्ता, वडील हयात नसलेल्या बायका अडकल्या, आणि पुढं सरकारला त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. तेव्हा ‘स्मार्टफोनची गरज’ हा एक गठ्ठा नाही. सिम, डेटा, स्क्रीन, कॅमेरा, आधारशी जोडलेला नंबर, आणि वाचता येणारी भाषा या वेगवेगळ्या गरजा आहेत. यान व्हान डाइक याने २००५च्या पुस्तकात प्रवेशाचे टप्पे पाडलेत: इच्छा, साधन, कौशल्य आणि प्रत्यक्ष वापर. ती चौकट वाचाच. फक्त आपल्याकडे तिला एक टप्पा जोडावा लागेल असं मला वाटतं: मध्यस्थ.

कागदावर असलेलं दार आणि उघडं असलेलं दार यातला फरकही विसरू नका. यूपीआयचंच घ्या. बटणाच्या फोनवरून पैसे देता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२मध्ये यूपीआय १२३पे आणलं. सोय आहे. तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात उभं राहा आणि विचारा, कुणी कधी वापरलीय का ते. उत्तर काय येईल याचा अंदाज मी सांगत नाही, कारण तो तुमचा डेटा आहे. आणि रोख चालते तोवर बिनफोनच्या माणसासाठी दुकानाचं दार बंद झालेलं नाही, हेही लिहून ठेवा. मिसळ खायला अजून फोन लागत नाही.

आता सगळ्यात नाजूक जागा, नमुना. तुम्ही स्मार्टफोनच्या गरजेवर अभ्यास करणार आणि प्रश्नावली गुगल फॉर्मवर करून व्हॉट्सॲपवर फिरवणार. विचार करा, तुमच्या अभ्यासातून सगळ्यात आधी कोण बाहेर पडलं? ज्याच्यासाठी अभ्यास होता तोच. पद्धतीशास्त्राच्या पुस्तकांत याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. १९३६च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. पत्ते घेतले बरेचसे टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली. भाकीत: लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार असलेली माणसं म्हणजे देश नव्हता. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं, की नुसती यादीच चुकीची नव्हती, उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारेही वेगळे होते. गुगल फॉर्मला हे दोन्ही दोष चिकटतात. नमुना कितीही मोठा केला तरी ते जात नाहीत, हे व्हायव्हात कुणी विचारलं तर छातीठोक सांगा.

मग यादी कुठून आणायची? गावाची मतदार यादी आहे, खातेदारांची आठ-अ आहे. त्यातून यादृच्छिक पद्धतीने नावं काढा आणि पायी जा. सेवा केंद्रावर उभं राहून मुलाखती घेणं सोपं पडतं आणि उपयोगीही आहे, पण तिथं भेटतात ते केंद्रापर्यंत पोचलेले. मजुरी बुडेल म्हणून न आलेली बाई तिथं भेटत नाही.

२०१९च्या महापुराचा काळ अभ्यासायला घ्यावा असं काही जण सुचवतात. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट. वीज गेली, फोन बंद पडले, तेव्हा फोनवाचून काय अडतं ते आपोआप दिसलं असेल, असा तर्क. मोहक आहे, पण मी सावध राहीन. त्या दिवसांत रस्ते, पाणी, दूध, पेट्रोल सगळंच एकदम तुटलं होतं. अडचण फोनमुळे की बाकी सगळ्यामुळे, हे वेगळं काढणं जवळपास अशक्य.

शेवटी प्रश्नावली. ‘स्मार्टफोन तुम्हाला गरजेचा वाटतो का?’ हा प्रश्न काढून टाका. सगळे हो म्हणतात, आणि त्या ‘हो’मधून काहीच हाती लागत नाही. एका ठरावीक कामावर विचारा. गेल्या खरिपात पीकपेरा कुणी भरला? फोन कुणाचा होता? ओटीपी कुणाच्या नंबरवर आला, आणि तो कुणाला सांगितला? किती फेऱ्या झाल्या, त्यात कामाचा दिवस बुडाला का? पैसे दिले का, किती? भरला नसेल तर पुढं काय अडलं? घरातल्या बाईला आणि पुरुषाला वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळत नाहीत तिथं थांबा, तिथंच काहीतरी आहे. आणि ओटीपीचा प्रश्न विचारताना कुणाचा नंबर, आधार किंवा पासवर्ड वहीत उतरवू नका. लोक विश्वासाने सांगून टाकतात, आपण लिहून घ्यायचं नाही.

सिनॉप्सिसचं नाव मग साधारण असं होईल: ‘ई-पीक पाहणीतील मध्यस्थांची भूमिका : आजरा व शिरोळ तालुक्यांतील स्वतःचा स्मार्टफोन नसलेल्या खातेदारांचा तुलनात्मक अभ्यास’. लांबलचक आहे, पण गाइडला पहिल्या वाचनात कळेल की तुम्हाला नेमकं काय बघायचंय.

पायलट करायचा असेल तर खरिपाची नोंदणी चालू असताना, ऑगस्ट-सप्टेंबरात, गावात असायला हवं. नंतर गेलात तर लोक आठवून सांगतात, आणि आठवणीत फेऱ्या कमी होतात नाहीतर वाढतात. आजरा-चंदगडकडे तेव्हा पाऊस असतो. छत्री घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदी वही घ्या. टॅबवर फॉर्म भरायचा बेत असेल, तर रेंज कुठल्या बांधावर मिळते ते आधी गावातल्या पोरांना विचारून घ्या.